मोझरबाईची चूल

नेमगोंडा सावकारांच्या निपाणीच्या घरात तारामतीला तीन हाका होत्या. सावकार ‘तारे’ म्हणत. त्यांची बायको राजमतीकाकू ‘अगं ए’ म्हणत. आणि सावकारांचा पुतण्या बाळगोंडा ‘तारक्का’ म्हणे, पण असं काही नाक दाबून म्हणे, की अंगणापलीकडच्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडणाऱ्या बायका ते ऐकूनच खिदळायला लागत.

लग्न झालं तेव्हा तारक्काचे दुधाचे दात पडायचे होते आणि अक्कलदाढ यायच्या आधी नवरा गेला. सासरच्यांनी पितळेच्या एका तांब्यासकट तिला गाडीत बसवलं आणि लांबच्या नात्यातला भाऊ म्हणून सावकारांच्या दारात आणून सोडलं. गाडीवानाला पाणी द्यायचं म्हणून ती जी आत गेली, ती चुलीपुढं बसली ती बसलीच. चाळिशी उलटली तरी उकिडवीच होती. उठायला लागली की तिचे गुडघे वाजत. बाळगोंडा माजघरातून जिभेनं तस्साच ‘टॉक, टॉक’ आवाज काढी आणि ओरडे, “आलं गं आलं, टांग्याचं घोडं आलं!”

तीही हसायची. ज्या घरात जेवायचं, त्या घरात हसावं लागतं.

छत्तीस साली सावकारांचे गुडघेही धरले. त्यांचे चुलीनं नव्हे, गादीवर मांडी घालून धरले. बेळगावच्या कॅम्पातला गोरा डॉक्टर म्हणाला, ऑस्ट्रिया देशात डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत, बाहेर कमरेएवढं बर्फ आणि आत वाफाळतं पाणी. तिथल्या हॉटेलात एक हिवाळा राहा, पळत परत याल. सावकारांनी हे जेवताना सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटायची सोडून तारक्कानं विचारलं,

“गुडघ्यांनाच व्हय, आण्णा?”

त्या घरात जेवणाच्या वेळी तिनं तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. राजमतीकाकू म्हणाल्या, “तुला कोण नेतंय गं? तुझ्या गुडघ्याला आमच्या म्हशीच्या डोणीतलं पाणी बास की.”

बाळगोंडा हसता हसता ठसकला. पण तारक्काच्या डोक्यात ते वाफाळतं पाणी शिरलं ते शिरलंच. राख काढताना, पीठ मळताना तिला ते दिसायला लागलं. आयुष्यात तिनं काही मागितलं नव्हतं, मागायचं कसं हेही तिला ठाऊक नव्हतं. पण आता तिला एकदा त्या पाण्यात पाय सोडून बसायचं होतं.

मुंबईच्या प्रवास घडवणाऱ्या एका कंपनीनं तीन हॉटेलांची चित्रं छापलेली चोपडी पाठवली. मॅट्रिकला दोनदा बसलेला बाळगोंडा ती वाचून दाखवायला बसला. सोबत एकच माणूस न्यायचं असं सावकारांनी जाहीर केलं होतं, “दोन म्हंजे वरात हुतीया.” तो एक माणूस आपणच, म्हणून बाळगोंडानं कोटसुद्धा शिवायला टाकला होता.

“काका, ह्ये बघा. फर्श्टक्लास. दोनशे खोल्या. विजेचा पाळणा हाय, जिना चढायचं नावच न्हाय. जेवताना बँड वाजतोय.”

सावकार बोलायच्या आधी घसा असा साफ करीत, जणू विहिरीवर रहाट फिरतोय. “ह्ह्म्म्. बँड? मी काय लगीन करून घ्याय चाललोय व्हय रं? मालक कोण हाय?”

“कंपनी.”

“कंपनीला तोंड असतंय? आमटी खारट झाली तर खेकसायचं कुणावर?”

बाळगोंडानं पान उलटलं. “मग ह्ये. डॉक्टरच मालक हाय. रोज सकाळी ताकद यायला कोंबडीचं पाणी प्याय देतोय.”

“अरिहंता! ठेव त्ये खाली. जा, हात धुऊन ये.”

हात धुऊन आल्यावर बाळगोंडानं चोपडी मिटायला घेतली. सावकार म्हणाले, “आणि तिसरं?”

“त्यात काय न्हाय, काका. खेडवळ. मोझर म्हणून एक घर हाय. आई, बाप, दोन पोरी, सगळी मिळून चालवत्यात. लाकडाचं घर. खाली गोठा.”

“गाई हाईत?”

“हाईत. वास मारत असंल.”

“म्हंजे दूध म्होरं पिळून घ्याय येतंय. वाच.”

“नोकरचाकर न्हाईत. मालकीणच रांधतीया.”

“ह्ह्म्म्! आता कसं!” सावकार गादीवर सरसावून बसले. “रांधणारी मालकीण हाय म्हंजे एका कोपऱ्यात आपल्याला चूल मांडू दील. दिवस कवा मावळतोय रं तिथं?”

“थंडीत चारलाच.”

“दिवस मावळल्यावर आपण जैन खात न्हाय, मग तीनलाच जेवाय पायजे. कंपनी घालंल तीनला जेवाय? मोझरबाई घालंल. गोडीनं न्हाय तर दमानं घालंल.”

बाळगोंडा जे जे वाईट म्हणून सांगत गेला ते ते सावकारांना आवडत गेलं. घर लहान? बरं झालं, चोराची भीती नाही. खोल्या थोड्या? बरं झालं, मटण खाणारी तोंडंही थोडी. शेवटी त्यानं चित्र दाखवलं: पायाला लांबलचक फळ्या बांधून माणसं बर्फावरून घसरत होती आणि मोझरची पोरगी पुढं होती. सावकार म्हणाले, “पोरगी धडधाकट हाय. गाईचं दूध.”

मग त्यांनी ती गोष्ट विचारली. “खरं, आपली चूल पेटवणार कोण?”

सगळ्यांनी चुलीकडं पाहिलं. तारक्कानं फुंकणी खाली ठेवली. “मी येतो की,” ती म्हणाली. आवाज एवढा बारीक, की चुलीशेजारच्या मांजरानंही कान हलवला नसता.

“काका, बोलायचं कोण तिथं? इंग्रजी?”

“दारापतूर मुंबईच्या कंपनीचा माणूस पोचवतोय. म्होरं बोलायचं काय असतंय? भूक लागली की ताट आपटतो. चुलीला तारी येती.”

तरी एवढ्या मोठ्या गोष्टीला देवीला विचारायला हवंच. बस्तीत, जैन देवळात, पद्मावतीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवं पडलं तर मोझर, डावं पडलं तर बँडवाला. उपाध्ये नाकातून मंत्र म्हणत होते, एका डोळ्यानं देवीकडं आणि एका डोळ्यानं सावकारांच्या हातातल्या नारळाकडं बघत. बाळगोंडा डाव्या फुलाकडं डोळे वटारून उभा. तारक्का बायकांच्या मागं, खांबाआड. तिनं मागणं असं काही मागितलंच नाही. नुसतं ‘आई, आई’ म्हणत राहिली. उजवं फूल टपकन पडलं. एवढ्या लोकांत ती एकदम रडायलाच लागली. राजमतीकाकू म्हणाल्या, “गप गं, सासरला निघाल्यागत काय रडालीस?”

गावात बातमी फुटली. वखारीतल्या मालुबाईनं तर रोजचा उद्योगच केला. “काय मोझरबाई, गोऱ्या सायबाला भाकरी कशी वाढणार? ‘खा रं मुडद्या’ म्हणून?” तारक्का लाजून हसायची. तिनं तिखट कुटलं, सांडगे घातले, पाणी गाळायचं नवं फडकं शिवलं. तांब्या घासून लख्ख केला. चालताना गुडघे वाजले तरी तिला वाटे, वाजा बापड्यांनो, थोडेच दिवस.

एका सकाळी बाळगोंडा वखारीच्या मागून दोन फळ्या घेऊन आला. तोंड मोठं गंभीर.

“तारक्का, एक गोष्ट राहिली. मोझरचं घर डोंगरावर हाय. ठेसनापासनं वाट न्हाय, नुसतं बर्फ. बायकामाणसं पण ह्या बांधूनच जात्यात. ज्याला जमत न्हाय त्याला ठेसनातच बसवून ठेवत्यात.”

“चार म्हयने?”

“बर्फ वितळंपतूर.”

वखारीमागं तंबाखूच्या काड्यांचा आणि चुऱ्याचा ढीग होता, घराच्या वळचणीइतका उंच. बाळगोंडानं त्यावर घागरभर पाणी ओतून घेतलं होतं. पानं निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून आल्या होत्या. माडीच्या गॅलरीत सावकार सुपारी कातरत खुर्चीवर बसले होते, खाली वाकून.

तारक्काला पहिल्या फळीची दोरी पायाला आवळली तेव्हाच कळलं, ही थट्टा आहे. ती बाळगोंडाची थट्टा जन्मभर ऐकत आली होती. खरं बोलताना त्याचा आवाज एवढा मऊ होत नसे. पण ती नको म्हणाली असती, तर तो त्याच मऊ आवाजात वर बघून म्हणाला असता, ‘काका, तारक्का नको म्हणतीया.’ आणि काका म्हणाले असते, ‘ह्ह्म्म्, मग ऱ्हाऊ दे.’ तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. म्हणून तिनं दुसरा पाय पुढं केला.

दोघींनी हात धरून तिला ढिगावर चढवली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, पायाखाली सुपाच्या दुप्पट फळ्या, दोन्ही हात बदकागत बाजूला.

“हां! आता गुडघं वाकवायचं!” बाळगोंडा साहेबाच्या आवाजात ओरडला. “गुड मार्निंग मिशेस मोझर!”

“गुड मार्निंग म्हण की गं!” मालुबाई किंचाळली.

“गूड मारनी,” तारक्का म्हणाली. खालून हशा उठला. वर सावकारांचं पोट हलायला लागलं, अडकित्ता हातातून निसटला. “ह्ह्म्म्... सोडा... सोडा तिला...” एवढंच हसता हसता म्हणाले. धरणाऱ्या दोघींनी ऐकलं आणि तिला सोडलं.

ती घसरली. अर्ध्यापर्यंत खरंच सरळ घसरली. मग एक फळी काड्यांत रुतली आणि दुसरी पुढं गेली. या वेळी जो आवाज आला तो बाळगोंडाला जिभेनं काढता आला नाही.

हाड बसवणारा कोगनोळीहून आला. त्यानं पाय ओढला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि म्हणाला, “बाई आता मांडी घालत न्हाय, उकिडवी बसत न्हाय. जगंल.” सावकार दारातून म्हणाले, “काय गं तारे, जाग्यावर थांबायचं सोडून घसरलीस कशाला?” आणि संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, जेवता जेवता त्यांनी ठरवलं: बाळगोंडा येईल.

कोट तयारच होता. पण सावकारांनी घसा साफ केला. “ह्ह्म्म्. चूल कोण पेटवणार? मोझर ठरलंय. देवीनं दिलंय. तू शिकून घे.”

“मी, काका?”

“मग काय मी?”

म्हणून तारक्काची बाज चुलीजवळ आणली आणि बाळगोंडा तिच्यापुढं उकिडवा बसला. आता तिच्या मनात एकच राहिलं होतं. ती वाफ काही आपल्याला मिळत नाही. मग ती यालाही मिळायला नको. चुकीचं शिकवलं असतं तर सावकारांनी दोन दिवसांत त्याला चुलीवरून उठवून तिथलंच काही गोड मानून घेतलं असतं, आणि तो झऱ्यात जाऊन बसला असता. तिनं अगदी बरोबर शिकवलं.

“पीठ दाबून मळ. तळव्यानं, बोटानं न्हाय. असं.”

“धूर जातोय डोळ्यात, तारक्का.”

“जाऊ दे. मोझरबाईकडं लाकडं ओली असत्यात. बर्फ असतंय न्हवं?”

“पाय भरून आलं.”

“यायलाच पायजेत. उठू नकोस. उठलास की भाकरी चिकटतीया.”

भाकरी फुगली नाही तर ती पुन्हा करायला लावी. आमटीत फोडणी जळली तर पातेलं घासायला लावी. शिवी देत नसे. त्याला ‘बाळगोंडा’ म्हणे, नाक न दाबता, आणि बाजेवरून मान लांब करून त्याचा तवा बघत राही. निघायच्या आदल्या दिवशी सावकारांनी त्याची भाकरी मोडून तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाले, “तारीच्या हातची हाय ह्ये.” बाळगोंडानं मान खाली घातली. तारक्का बाजेवर समाधानानं पडली. त्या घरात तिचं मनासारखं झालेलं ते पहिलंच.

हिवाळा सरला आणि ते दोघे परतले. सावकार मोटारीतून उडी मारून उतरले. गावाला जेवण घातलं, आणि सगळ्यांना सांगत सुटले: झऱ्यात सकाळ-संध्याकाळ बसायचं, डोक्यावर बर्फ पडायचं, गळ्यापर्यंत ऊन ऊन. मोझर भला माणूस, त्याच्यावर ओरडलं की मान डोलवायचा. आणि मोझरबाईनं तर चूल दिली ती दिली, वर बाळगोंडाच्या भाकरीवर इतकी खूष झाली की शेजारच्या हॉटेलातले पाहुणे बघायला बोलावले. दोन्ही पोरी फरशीवर त्याच्यासारख्या उकिडव्या बसून, हातानं थापल्यासारखं करून, पोट धरून हसायच्या. एवढं सांगून सावकार स्वतःच तसे बसून दाखवत. गुडघा वाजत नव्हता.

“तू बर्फ बघितलंस का न्हाय, बाळगोंडा?” कुणीतरी विचारलं.

“राख टाकाय गेल्यावर,” तो म्हणाला.

तारक्का काठी टेकून खांबाशी उभी होती. तिला हसू फुटलं, आणि या वेळी तिनं पदर तोंडावर धरला नाही. सावकारांचं लक्ष गेलं.

“हां, बरी आठवण झाली,” ते म्हणाले. “तारे, तुला आता बसता येत न्हाय, आणि चुलीला माणूस मिळालाय. भोज गावाला तुझ्या दिराकडं निरोप धाडलाय. सोमवारी गाडी येतीया.”

तिला आधी कळलंच नाही. मग ती बाळगोंडाकडं बघायला लागली. त्यालाही आत्ताच कळत होतं. त्याचं तोंड पीठ चिकटल्यासारखं झालं होतं. तिनं काय शिकवलं होतं आणि कुणाला, ते दोघांनाही एकदमच उमगलं.

“आण्णा, उभ्यानं करतो की,” ती म्हणाली. “ओटा बांधला तर...”

“ओटा? एका बाईसाठी घर पाडतंय व्हय कोण?”

सोमवारी गाडी आली. दिरानं पाठवलेल्या गाडीवानानं तिला मागं पोत्यावर बसवलं, पाय लांब करून, कारण तो वाकत नव्हता. राजमतीकाकूंनी वाटेला म्हणून भाकरी बांधून दिली. वखारीतून मालुबाई ओरडली, “जाऊन ये गं, मोझरबाई!” आणि बायका हसल्या. तारक्कानं हसायचं केलं, पण आता त्याची गरज नव्हती, म्हणून तिनं अर्ध्यातच सोडून दिलं.

गाडीवान बैलाला चुचकारणार, एवढ्यात ती म्हणाली, “थांब रं जरा.”

“काय विसरलं?”

“काय न्हाय. थांब.”

घरातून घसा साफ केल्याचा आवाज आला. मग “बाळगोंडा! आग इझली बघ!” मग राजमतीकाकूंचा चढा सूर: “अरं ए!” आणि मग, धुरात खोकत, कुणाचं तरी उत्तर.

“चल,” तारक्का म्हणाली.