फार छान, भाऊ

ऑफिसमध्ये रुजू झाले त्या दिवशी मोहनकाकांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, मला एक नियम सांगितला. "भाऊंचा मेल आला की 'फार छान, भाऊ' असं उत्तर द्यायचं. का, ते विचारायचं नाही." भाऊ हे कंपनीचे म्हातारे मालक. काशीगावातल्या आमच्या ऑफिसातून मच्छीमार बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकले जातात. भाऊ आता डोंगरीला घरीच असतात आणि रोज सकाळी सगळ्यांना सुविचार पाठवतात. मेल सर्व्हर मी सांभाळते. लिनक्सवरचा हा सर्व्हर स्पॅम गाळतो. किस्से गाळत नाही, ते साठतच जातात.

* * *

अकाउंट्सचे शहाकाका एकदा माझ्या टेबलाशी आले. "बेटा, जंकमध्ये माझी लॉटरी अडकलीय. काढून दे."

"काका, तुम्ही तिकीट काढलं होतं?"

"नाही. पण त्यांना कुठे माहितीय?"

* * *

एका सप्लायरचं कोटेशन सारखं जंकमध्ये जायचं. विषयाच्या ओळीत सगळी अक्षरं कॅपिटल आणि 'अर्जंट' तीनदा. मी फोन केला. "भैया, जरा आराम से लिखो."

"मॅडम, आराम से लिखूँगा तो पंप कौन लेगा?"

* * *

नको असलेला मेल कोणी जंकमध्ये ओढला की फिल्टर त्यावरून शिकतो. पुरेशा लोकांनी ओढला की तसले मेल ऑफिसात सगळ्यांच्याच जंकमध्ये टाकायला लागतो. हे मी सगळ्यांना बसवून समजावलं. मोहनकाका म्हणाले, "म्हणजे नव्या माणसासारखंच की. आपण करतो ते बघून शिकतो." काकांचं तेवढं एक वाक्य मला पटलं.

* * *

भाऊंना उत्तर आपोआप जाईल अशी सेटिंग मोहनकाकांनी शोधून काढली. कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःहून शोधलेली ही पहिलीच गोष्ट. शहाकाकांनी ती उचलली, मग बाकीच्यांनीही.

त्याच आठवड्यात भाऊंनी लिहिलं, 'ताप हाय. आज सुविचार न्हाय.'

सगळ्यांकडून उत्तर गेलं. फार छान, भाऊ.

* * *

पुढे सुविचार यायचे थांबले. भाऊ कंटाळले असतील, असं मला वाटलं. मग एका सोमवारी ते बसने थेट ऑफिसात आले.

"पंचाहत्तरीचं जेवण ठेवलेलं काल. मेल केला, तर सगळ्यांनी 'फार छान' लिवलं. म्हणून पापलेट आणलं. आणि एक पण माणूस आला न्हाय?"

मी सर्व्हरवर बघितलं. आमंत्रण सगळ्यांच्या जंकमध्ये पडलं होतं, माझ्याही. आपोआप जाणारं उत्तर मात्र तिथूनही गेलं होतं.

मोहनकाकांनी मला बाजूला घेतलं. "सर्व्हर बिघडला, माझी चूक झाली, असं सांग. तू लहान आहेस, तुला काही बोलणार नाहीत ते."

"मोठ्यांची लाज राखायची असते, बेटा," शहाकाका म्हणाले.

"नाही सांगणार," मी भाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "सर्व्हर ठणठणीत आहे. भाऊंचे मेल जंकमध्ये टाकायचे, हे त्याला कोणी शिकवलं ते तुम्हीच सांगा."

भाऊंनी खुर्ची वळवली. "बोल रे मोहन."

मोहनकाकांनी शहाकाकांकडे बघितलं. शहाकाका पंख्याकडे बघत राहिले.