न आलेल्याची वही

आमच्या ह्यांना मुलं मागून ‘मिटा सर’ म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण जिन्यातली कुजबुज मला ऐकू यायची. सहावी-सातवीची दहा-बारा पोरं रोज पाचला आमच्या बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसत, आणि दर वीस मिनिटांनी हे म्हणत, “पुस्तकं मिटा.” मग आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. दिवसभर शाळेत शिकवून घसा बसलेला, तरी घरी येऊन पुन्हा तेच. हौस म्हणावी की खाज, देव जाणे.

इथे शिकवत मात्र काही नव्हते. त्यांचं म्हणणं, या वयात आधी बसायची सवय लागू दे, धडे पळून जात नाहीत. नावडता विषय पहिला काढायचा. समोर एका वेळी एकच पुस्तक. फोन माझ्या स्वयंपाकघरात, कांद्यांच्या टोपलीत. आणि ती वही. जे आठवलं नाही, कळलं नाही, ते तिच्यात लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करायची. पुढे कधी जमलं की त्या ओळीशेजारी पेन्सिलीने एक टिंब. पोरं भीतीपोटी खोटं लिहितील, म्हणून ह्यांनी शब्द दिला होता की वही दुसरं कुणी बघणार नाही. आई नाही, बाप नाही, हेडमास्तर नाहीत. “मीसुद्धा तुम्ही दाखवलीत तरच.” वह्या आमच्याच कपाटात राहत. किल्ली माझ्याकडे.

त्या पोरांत एक होती मुंगी. हे नाव वर्गानेच ठेवलेलं. सातवीत असून पाचवीतली वाटायची. आई नव्हती, बापाची लॉन्ड्री. डोकं फार तल्लख होतं असं नाही, खोटं कशाला बोलू. पण खिडकीखाली एकदा बसली की हलायची नाही. काठावर पास होणारी पोर वर्षभरात वर्गात मधोमध आली, तेव्हा हे मला म्हणाले, “ही पुढे जाणार बघ.” इतके खूश मी त्यांना आमच्या मुलाच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं तर अर्जावर बापाची सही लागायची. आणि बाप सही करेना. पोरीला झेपणार नाही, दुकानात मदत करेल, एवढंच त्याचं पालुपद. ह्यांना जेवण जाईना. मी म्हटलं, “अहो, त्याला तिची वही दाखवा की. किती झटते ते बघू दे डोळ्यांनी.”

“शब्द दिलाय मी.”

“शब्दाचं काय लोणचं घालायचंय?”

ते ताटावरून उठले.

रविवारी सकाळी त्यांनी बापाला घरीच बोलावलं. भला माणूस. हातांवर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला. हे समजावत होते आणि तो नुसती मान हलवत होता, नाही म्हणून. मला राहवलं नाही. मी उठले, कपाट उघडलं आणि वही त्याच्या हातात दिली. हे “अगं” म्हणेपर्यंत त्याने पहिलं पान उघडलंही होतं.

तो ओळीवर बोट ठेवून वाचायचा. अपूर्णांकांचा भागाकार आला नाही. परत केला, आला नाही. पृथ्वी फिरते तर आपण का पडत नाही, कळलं नाही. पानामागून पान. ह्यांनी वाकून दाखवलं, “ती टिंबं बघा ना. तिथे नंतर आलंय तिला. जवळजवळ सगळीकडे टिंब आहे.”

त्याने टिंबं पाहिली असतील, नसतील. वही मिटून मांडीवर ठेवली.

“सर, मलाही शाळेत काही यायचं नाही. रोज मार खायचो. पण ते असं रोज लिहून ठेवायला लागलं असतं ना, तर वेड लागलं असतं. माझी पोर वर्षभर हे सोसतेय आणि मला पत्ता नाही.” त्याचे डोळे भरून आले होते. “आता शाळेपायी नाही पिडणार मी तिला.”

तो भांडला असता तर मी त्याला पुरून उरले असते. मायेपोटी अडून बसलेल्या बापापुढे मी हात टेकले. जाताना तो वही घेऊन गेला.

हे तीनदा लॉन्ड्रीत जाऊन आले. अर्जाची तारीख उलटली. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पोरांना सगळं कळलंच. अजूनही पाचला येतात, पुस्तकं मिटतात, वही उघडतात. आणि वहीत लिहितात, ‘आज सगळं आलं.’ झाडून सगळे. हल्ली स्वतःहून दाखवतातही. हे म्हणतात, “लपवू नका रे,” आणि पोरं शहाण्यासारखी माना डोलावतात.

परवा सव्वापाचला मुंगी दारात आली. इस्त्रीचे कपडे द्यायला. हे ताडकन उठले. “आत ये गं. बस जरा.”

“नको सर, अजून चार घरं आहेत.” ती घुटमळली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मला काही येत नाही, असं तुम्ही सांगितलंत ना बाबांना?”

खोलीत सगळ्यांची पेनं थांबली. हे दारापर्यंत गेले. मग म्हणाले, “वही दाखवायला नको होती. चुकलं माझं.”

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. दोन पावलं पुढे येऊन एवढंच म्हणायचं होतं, सरांनी नाही गं, मी दाखवली. तिने कपडे मोजून खुर्चीवर ठेवले, जिना उतरून गेली, तरी मी दाराआडच होते.