मागाच्या खड्ड्यातले मँगोस्टीन

प्रा. विश्वनाथराव धकाते सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते आमच्या महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत टेबलाखाली उकिडवे बसले होते. मी प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू व्हायला आले होते. कामठीहून बसने उभ्याने आलेली, घामाने डबडबलेली आणि हातात नेमणुकीचे पत्र. आत कोणीच दिसेना म्हणून मी हाक मारली, तर खालून आवाज आला, "जरा थांबा मॅडम, नेच्याला पाणी देतो आहे." बेसिनचा पाइप गळत होता. तो दुरुस्त करून घेण्याऐवजी सरांनी त्या थेंबांखाली नेच्याची कुंडी ठेवली होती. पाइप पुढे दुरुस्त झाला, पण त्या कुंडीची दुसरी सोय झाल्यावरच.

मला 'मॅडम' म्हणणारे ते पहिलेच. इतर प्राध्यापकांच्या लेखी मी 'ए, जरा' होते. एकदा प्रात्यक्षिक परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी मला चहा आणायला फर्मावले. सर लगेच उठले आणि म्हणाले, "मॅडमच्या हातात स्लाइड आहे. चहा मी आणतो." आणि खरोखरच किटली घेऊन कँटीनला गेले. परीक्षकसाहेबांनी तो चहा कसाबसा संपवला. त्यानंतर विभागात मला चहा सांगण्याची हिंमत कोणी केली नाही.

सरांच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी फक्त एक नियम सांगते, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. जर्नलमध्ये आकृती पेन्सिलीने आणि निरीक्षण पेनाने, हे सगळीकडेच शिकवतात. सर त्याचे कारणही सांगत. "आकृती सुधारता येते. निरीक्षण सुधारायचं नसतं. चुकलं असेल तर चुकलं असं लिहा, खोडू नका." एका मुलीची मटकी रुजलीच नाही. शेजारणीचे निरीक्षण उतरवून घेण्याऐवजी तिने रडतरडत लिहिले, 'मी पाणी घालायला विसरले, बिया उगवल्या नाहीत.' त्या वर्षी वर्गात सर्वांत जास्त गुण तिला मिळाले. ज्यांची मटकी टरारून आली होती ती मुले आठवडाभर फुगून बसली.

सरांच्या निवृत्तीचा समारंभ ज्यांनी पाहिला आहे, ते तो विसरलेले नसतील. केरळात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शालीऐवजी चार मँगोस्टीनची फळे आणली होती. जाडजूड जांभळी साल, आत लसणाच्या कुड्यांसारख्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या. भाषणे सुरू असताना सरांनी व्यासपीठावरच ती फोडली, शेजारच्यांना वाटली आणि बिया ओल्या रुमालात गुंडाळल्या. ही बी वाळली की मेली, तिला दोन-चार दिवसांत मातीत जावेच लागते, हे त्यांना ठाऊक होते. मग प्राचार्य भाषणाला उभे राहिले आणि सत्कारमूर्ती मागच्या दाराने घरी गेले. प्राचार्य पुढे काही महिने माझ्याशीही नीट बोलत नव्हते, जणू बिया मीच पळवल्या होत्या.

बियांपैकी चार उगवल्या. नागपूरच्या बेसा भागातल्या सरांच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. कुठे मँगोस्टीन आणि कुठे बेसा! या झाडाला बारा महिने दमट हवा लागते, सावली लागते, आम्लधर्मी भुसभुशीत माती लागते. थंडी सोसत नाही, कोरडा वारा तर मुळीच नाही. मुळे इतकी नाजूक की कुंडीतून काढताना सोटमूळ दुखावले तर रोप पुन्हा सावरेलच असे नाही. आपल्याकडे चुनखडीची काळी माती आणि मे महिन्यात माणसेसुद्धा तोंडाला दुपट्टा बांधून फिरतात. साठीला टेकलेल्या माणसाने पंधरा वर्षांनी फळणारे झाड इथे लावावे, यावर लेआउटमधल्या शेजाऱ्यांची भरपूर करमणूक झाली. सर म्हणायचे, "हे झाड पार समुद्रापलीकडचं. त्याले नागपूरचा मे महिना तोंडी समजावून सांगता येत नाही. आपणच काही सोय करून द्या लागते."

पहिल्याच उन्हाळ्यात दोन रोपे गेली. सरांनी झाडांसाठी एक नोंदवही ठेवली आहे. तिच्यात पेनाने स्वच्छ लिहिले आहे : 'पाने करपली. पश्चिमेची जाळी बांधायला मी चार दिवस उशीर केला.'

उरलेली दोन जगली ती सरांच्या वडिलांच्या विद्येवर. वडील उमरेडचे विणकर. खड्ड्याचा माग जमिनीत उतरलेला असतो आणि विणकर त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. सर एकदा म्हणाले, "उन्हाळ्यात सूत वाळून तटातट तुटे. मग बाबा खड्ड्यात पाणी शिंपत. वर अंगाची लाही अन् खाली पाय थंडगार. दमट हवा कशी राखायची, ते मी पुस्तकात नंतर वाचलं जी, आधी पायानं शिकलो." त्यांनी घरामागे मागासारखे दोन रुंद, उथळ खड्डे केले. काळी माती काढून तळाशी मुरूम घातला, पावसाचे पाणी तुंबू नये म्हणून उताराकडे नाली काढली आणि आत पानांचे खत मिसळलेली लाल माती भरली. रोपे कुंड्यांसकट खाली उतरवून मग कुंड्या फोडल्या, मुळांना हात लावला नाही. पश्चिमेला केळी, वर हिरवी जाळी, भोवती वाळ्याच्या ओल्या ताट्या. आणि ऐन मे महिन्यात घरातला कूलर.

या कूलरचे श्रेय सरांच्या पत्नी सुमनकाकूंना द्यायला हवे. मी गेले की त्या सरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "पाह्य वं नलू, तुये सर झाडाले कूलर लावून राहिले, अन् मी सैपाकघरात भिजून राहिली. म्हनतात, त्याले दमट हवा पाह्यजे. मले काय पाह्यजे, ते नाही इचारत." असे म्हणत त्याच कूलरच्या टाकीत पाणी ओतत.

आता जे लिहायचे त्यासाठीच मी हा लेख लिहायचे स्वीकारले.

रोपे सहा वर्षांची असताना, मे महिन्यात सर आणि काकू वीस दिवसांसाठी मुलीकडे पुण्याला गेले. किल्ली माझ्याकडे दिली. घरामागे गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची सिमेंटची टाकी आहे, तिच्यावर 'झाडांचे पाणी' असे रंगवलेले आहे. रोज त्यातले पाणी मोजून द्यायचे, बाकी काही करायचे नाही, एवढेच मला सांगितले होते. चौथ्या दिवशी मला टाकी अर्धी दिसली. सर येतील तेव्हा काठोकाठ भरलेली दिसावी, त्यांना बरे वाटावे, म्हणून मी बोअरची नळी सोडून ती भरून टाकली. वर झाकणही पुसले.

बेसाचे बोअरचे पाणी म्हणजे बादलीवर पांढरा थर चढवणारे पाणी, आणि या झाडाला क्षार म्हणजे विष. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत नळाचे पाणी भरणाऱ्या मुलांवर मी प्रयोगशाळेत आयुष्यभर ओरडत आले, तीच मी. दहा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटले ऊन लागले. म्हणून पाणी वाढवले. तेच पाणी.

सर आले. बॅग हातात तशीच. त्यांनी पाने पाहिली, टाकीशी गेले, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला सगळे कळले. पण तोंडातून निघाले ते असे : "सर, ऊन फार होतं."

"हो," सर म्हणाले, "ऊन फार होतं यंदा. तुम्ही आत जा, काकू चहा करताहेत."

चहा पिऊन मी बाहेर आले तेव्हा टाकीची तोटी उघडी होती आणि पाणी गटाराकडे वाहत होते. नंतर पाऊस येईपर्यंत सर दोन बादल्या घेऊन लेआउटमध्ये दारोदार फिरले आणि लोकांच्या एसीतून ठिबकणारे पाणी गोळा करून आणत राहिले. त्यात क्षार नसतात. लोक हसत, पण घराबाहेर भांडी लावून ठेवू लागले. त्या पाण्यावर मोठे रोप वाचले. धाकटे मृग लागण्याआधीच गेले. कोणी विचारले की सर सांगत, "उन्हानं गेलं." माझ्यासमोर सांगत, माझ्याकडे न पाहता. या ग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांनी ते ऐकले असेल. मीही ऐकत आले, आणि दहा वर्षे मान डोलावत आले. लाज वाटत होती, पण बोलण्याइतकी नव्हती, हेही लिहून टाकते.

यंदा श्रावणात झाडाला तीन फळे पिकली. सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. फळाच्या बुडाशी फुलासारखी एक खूण असते, तिला जितके कंगोरे तितक्या आत पाकळ्या. काकूंनी मोजून सहा सांगितल्या, आणि सहाच निघाल्या. पहिली पाकळी सरांनी काकूंना दिली. इतके उन्हाळे कूलरविना काढलेल्या काकूंनी ती शांतपणे खाल्ली आणि निकाल दिला, "बरं हाय. पन संत्र्यासारखं नाही." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग मी त्यांना म्हणाले, की गौरवग्रंथाच्या समितीचे पत्र आले आहे आणि मी टाकीची गोष्ट लिहिणार आहे.

"काहून लिहिता जी?" सर म्हणाले. "दहा वर्षांची गोष्ट. ऊन तर होतंच. छापील पुस्तक आहे, मुलं वाचतील."

"मुलं वाचतील म्हणूनच, सर. चुकलं ते लिहा असं तुम्हीच शिकवलंत. अन् तुमच्या वहीत तर माझ्यासाठी खोटं निरीक्षण आहे."

सर उठले. आत जाऊन नोंदवही घेऊन आले आणि त्या वर्षीचे पान उघडून माझ्यापुढे धरले. वरच्या नोंदी पेनाने, खालच्या पेनाने. मध्ये एकच ओळ, 'धाकटे रोप उन्हाने गेले', पेन्सिलीने लिहिलेली.

"पेनानं लिहवलं नाही," सर म्हणाले. आणि खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला.

मी ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिले : 'माझ्या हातून बोअरचे पाणी घातले गेले, त्याने रोप गेले. नलिनी.' मग मात्र मला रडू आवरेना. काकू म्हणाल्या, "रडू नोको वं, त्या पान्यातई खार असते." सरांनी फळातली सर्वांत टपोरी बी ओल्या नारळाच्या काथ्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. मी नको म्हणत होते, माझ्या हाताला ती देऊ नका म्हणत होते. सर म्हणाले, "एवढं नीट लिहिणाऱ्याचं झाड जगते."

दुसऱ्याच दिवशी ते बसने कामठीला आले, आमच्या अंगणात भिंतीच्या उत्तरेला आंब्याच्या सावलीत जागा ठरवली आणि पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, मी घमेली उचलत असताना, स्वतः फावड्याने खड्डा आखून दिला. बी रुजली आहे. सध्या तिला दोन पाने आहेत.

या रोपाच्या नोंदींचे पान सरांच्याच वहीत आहे. त्यातली पहिली नोंद त्यांनी केली आहे, पेनाने. पुढची प्रत्येक नोंद त्यांनीच करायची, दरवर्षी स्वतः कामठीला येऊन, असे आमचे ठरले आहे. झाड फळायला पंधरा वर्षे तरी घेईल. तोवर सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, काकू त्यांना अशाच बोलत राहोत, आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर पहिले फळ फोडायला ते माझ्या अंगणात उभे राहोत, ही प्रार्थना. आणि सर, एवढ्यासाठी तुमचा पेन मी अजून परत केलेला नाही. नोंद करायला याल, तेव्हा इथेच मिळेल.