लगद्याचे दगड

नाटक कंपनीचं सामान बावीस वर्षं सांभाळणाऱ्या त्या माणसाला लहानथोर सगळे ठिणगीमामा म्हणत. नाव पडलं ते दुसऱ्या अंकामुळे. वनवासातला राजा थंडीनं काकडलेल्या राणीसाठी दोन दगड एकमेकांवर आपटतो, ठिणगी उडते, जाळ होतो आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून जातं. काय टाळ्या पडत! पडत त्या नायकाला. दगड मात्र मामांचे. कागदाच्या लगद्याचे, वरून करडा रंग दिलेले, आणि आपटायच्या जागी खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकल्या चिकटवलेल्या. ठिणगी दिसली की मंचाच्या फळ्यांखाली पालथे पडलेले मामा बटण दाबायचे. लाल दिवा लागायचा, छोटा पंखा फिरायचा, आणि मामींनी कातरलेल्या रेशमी पट्ट्या ज्वाळा होऊन नाचायच्या. मामी म्हणजे त्यांची बायको, कंपनीची शिवणवाली.

त्या हिवाळ्यात दुसऱ्या गावच्या प्रयोगाला जाताना कंपनीचा ट्रक जंगलातल्या ओढ्यात रुतला. बाकीची मंडळी बसनं पुढे गेली होती. ट्रकमध्ये मामा, मामी, चालक आणि बस चुकलेला नायक. सामान वाचवायला मामी कपड्यांची पेटी धरून उतरल्या आणि पेटीसकट गळ्याएवढ्या पाण्यात गेल्या. बाहेर काढलं तेव्हा दात कडाकडा वाजत होते. काडेपेटी त्यांच्याच कमरेच्या पिशवीत, तिचा लगदा झालेला. चालक मदत आणायला आधीच चालत गेला होता, लायटर त्याच्या खिशात. ऊन उतरलं होतं.

नायकानं आपला कोरडा कोट मामींना घातला आणि म्हणाला, "मामा, दगड काढा. हजार वेळा पेटवलंय मी!"

"तू?" मामा त्याच्याकडे बघतच राहिले.

पण नायकानं ओढ्यात भिजलेल्या त्याच पेटीतून दगड काढले, राजासारखा गुडघा टेकला आणि आपटले. भिजलेले दगड पचकन चेपले. करडा रंग त्याच्या तळहातांना लागला.

"वा महाराज!" मामी थरथरत हसल्या. "आता तोंडही धुऊन घ्या."

मामांना हसू आलं नाही. त्यांचे आजोबा चकमकीवर विडी शिलगवायचे, ते त्यांनी पाहिलं होतं. ओढ्याकाठी त्यांना पांढरी गारगोटी सापडली. मामींची कापडाची जाड कात्री होतीच. तिची पाठ गारगोटीच्या धारेवर ओढली तशी खरी ठिणगी उडाली. टिकलीपेक्षा लहान, पण खरी! नायकाच्या रंगपेटीत राजाची तागाची दाढी तेवढी कोरडी होती. ती पिंजून मामांनी पुढ्यात ठेवली. ठिणग्या पडत होत्या, पडल्या जागी विझत होत्या. वीस, पन्नास, किती कोण जाणे. बोटांची सालं निघाली. एकदा एका तंतूचं टोक लाल झालं. मामांनी श्वास रोखून हलकेच फुंकर घातली. ते टोक काळं पडलं.

आजोबांच्या डबीत आधीच करपवलेला कापूस असायचा, तो ठिणगी धरून ठेवायचा. हे मामांना आत्ता आठवलं. आणि कापूस करपवायचा तर आधी विस्तव हवा.

"अहो, राहू द्या," मामी म्हणाल्या. "हाताचं मांस दिसायला लागलं."

"गप्प बस तू. नाही, बोल! बोलत राहा."

"एकदा काय ते ठरवा."

त्यानंतर त्या बोलल्या त्या तुटक, मग अडखळत, मग नाहीच. थरथरही थांबली. मामांनी कात्री टाकली, बायकोला छातीशी धरलं, तिचे हात काखेत घेतले. नायक पाठीमागून दोघांना कवळून बसला. करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. चालक ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा दिवस मावळत होता. मामांना उठवत नव्हतं. त्याला दोघांनाही उचलून चढवावं लागलं.

मामी वाचल्या. दवाखान्यातून आठव्या दिवशी घरी आल्या. उजव्या हाताच्या दोन बोटांत मात्र जाणीव परत आली नाही. सुई धरली की निसटायची. मामा सुई उचलून द्यायचे, ओवूनही द्यायचे. वर्षभर त्यांच्या दोन्ही खिशांत मेणकापडात गुंडाळलेल्या काडेपेट्या असत. नायक त्यावरून कधी थट्टा करत नसे.

मामी घरी आल्यानंतरच्या पहिल्याच प्रयोगाला मामांनी नवे दगड केले, टिकल्या चिकटवल्या. दुसरा अंक आला. ठिणगी उडाली. फळ्यांखाली मामांचा अंगठा बटणावर होता आणि तो दबेना. वर अंधारात नायकानं पुन्हा दगड आपटले, मग पुन्हा. टिकल्या संपल्या. प्रेक्षकांत कुणीतरी खाकरलं. नायक हळूच पुटपुटला, "मामा..." पण त्यात रागाचा लवलेश नव्हता.

विंगेत पट्ट्यांची पिशवी मांडीवर घेऊन मामी बसल्या होत्या. त्या वाकल्या आणि फळीच्या फटीतून त्यांनी बधिर बोटांचा हात खाली घातला.

"अहो," त्या म्हणाल्या, "गारठलेय मी. लावा की आता."

मामांनी तो हात धरला, आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.