पूजेचा हार काढत नसतात

दवाखान्यात पोचायच्या आधीच मी काय खोटं बोलायचं ते ठरून गेलं होतं. ऑटो माझे यजमान चालवत होते, त्यांची स्वतःचीच. मागे मी, आणि माझ्या बाजूला आमच्या पापडाच्या कारखान्याचे सुपरवायझर. माझा उजवा हात पदरात गुंडाळलेला, पदर ओला झालेला, आणि मी त्याच्याकडे पाहत नव्हते.

“ताई, ऐका माह्यं,” सुपरवायझर कानाशी बोलत होते. “घरी झालं म्हना. दारात बोटं सापडली म्हना. कारखान्याचं नाव निघालं का चौकशी येते, टाळं लागते. पंधरा बायांच्या घरची चूल आहे. तुमची जाऊबी त्याच्यातच आहे.”

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, आढेवेढे न घेता. एक तर मी इतकी घाबरले होते की तेव्हा कोणी काहीही म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. आणि मनातून मला वाटत होतं की हे सगळं माझ्याच करणीनं झालं. ज्याची चूक त्यानं गप बसावं, असा आमच्याकडचा कायदा. कोणी केला कोण जाणे, पण मी तो जन्मभर पाळत आले.

चूक काय ते सांगते. आमचा कारखाना कळमन्याच्या मार्केटमागच्या गल्लीत, डाळ जवळ पडते म्हणून तिथे. उडदाच्या पिठाचा गोळा दोन लोखंडी रुळांच्या मध्ये सारायचा, पलीकडून पातळ पट्टी निघते, तिचे मग गोल पापड कापले जातात. अलीकडे मी उभी राहायची, पलीकडे माझी धाकटी जाऊ. तिला तिथे कामाला लावलं ते मीच. रुळांवर लोखंडी जाळी असते. जाळी खाली बसली की एक बटण दाबलं जातं आणि मगच मशीन चालते. जाळी वर केली की मशीन जागच्या जागी थांबते. कोणा शहाण्या माणसानं आमच्या बोटांचा विचार करून केलेली सोय.

खंडेनवमीला आम्ही मशीन धुतली, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडूचा भला मोठा हार घातला. रुळांच्या वर, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. हार तिथे असला की जाळी खाली बसत नाही. पूजेला मशीन बंदच असते, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. दसरा झाला, काम सुरू करायचं, तर सुपरवायझर हार काढायला गेले आणि मी त्यांच्यावर खेकसले.

“काहो, पूजेचा हार काढून राहिले? काही देवाधर्माचं भान आहे का नाही?”

माझं लहानपण कन्हानला गेलं. वडील कोळशाच्या खाणीत होते. पूजेचा हार काढत नसतात, तो आपसूक वाळून गळू द्यायचा, नाहीतर यंत्र रुसते, असं ते सांगायचे. त्यांच्या सायकलवरचा हार दिवाळीची साफसफाई येईपर्यंत तसाच राहायचा, सुतळीसारखा वाळलेला. मी तेच डोक्यात घेऊन वाढले. सुपरवायझर ऐकेनात तेव्हा मी सगळ्या बायांना गोळा केलं, आणि सगळ्याजणी माझ्या बाजूनं झाल्या. मग सुपरवायझर हसले. त्यांनी तारेचा तुकडा आणला, बटण दाबलं आणि दाबलेलं तसंच तारेनं बांधून टाकलं.

“घ्या ताई. तुमचा देवबी खुश, मशीनबी खुश.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

चार दिवस जाळी उघडी ठेवून मशीन चालली. पाचव्या दिवशी दुपारी वाळलेल्या हाराचा दोरा एका बाजूनं तुटला आणि हार लोंबत लोंबत रुळांकडे आला. देवाचा हार रुळात चिरडला जाईल, एवढंच माझ्या मनात आलं. मी हात घातला.

दुखलं नाही. खरंच सांगते, आधी दुखलं नाही. आधी भीती वाटली, की हा हात आता आपल्याला परत मिळत नाही. जाऊ किंचाळली. भिंतीवरचं मोठं स्विच तिनंच पाडलं, नाहीतर मनगटापर्यंत गेलं असतं. रूळ उलटे फिरवून हात बाहेर काढला. मी एकदा पाहिलं आणि मग पदर गुंडाळला.

सरकारी दवाखान्याच्या फाटकापाशी सुपरवायझर उतरले. “व्हा तुमी पुढे, मी येतोच मागून,” म्हणाले. आलेच नाहीत.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होती. कसं झालं, तिनं विचारलं. मी पाठ केलेलं सांगितलं. घरी. दारात. ती जखमेवर पाणी सोडत राहिली, चिमट्यानं आत अडकलेलं एकेक काढून ट्रेमध्ये ठेवत राहिली. पिठाच्या गोळ्या निघाल्या. मग झेंडूची एक पाकळी निघाली.

“दाराला पीठ लावता का तुम्ही?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या यजमानांकडे. ते कोपऱ्यात उभे होते, शर्टावर माझं रक्त. तिच्या पाहण्याचा अर्थ मला कळला. बाई हात चेचून घेऊन येते, घरी झालं म्हणते, आणि नवरा रक्तानं भरलेला बाजूला उभा. दुसरं कोणी असतं तरी तेच समजलं असतं.

तिनं दवाखान्याच्या चौकीतल्या हवालदाराला बोलावलं. तो वही घेऊन आला.

“घरी कोन कोन होतं?”

“मी होतो,” यजमान म्हणाले.

कुठचे घरी! सकाळपासून ते सवाऱ्या मारत होते. जाऊचा फोन गेला तेव्हा मार्केटच्या फाटकावर उभे होते. ऑटोत मागे आमचं काय बोलणं झालं ते इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकूही आलं नव्हतं. का ते माहीत नाही, पण आपली बायको घरी झालं म्हणते आहे, एवढंच त्यांना कळलेलं.

“दार कोनं लावलं?”

“मीच लावलं. लक्ष नव्हतं माह्यं.”

“भांडन झालं होतं?”

ज्या माणसाला सवारीकडून दहा रुपये जास्तीचे मागता येत नाहीत, त्याला पुढचं खोटं कुठून येणार? हवालदारानं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “चाला जरा बाहेर.”

यजमान निघाले. माझ्याकडे न पाहता, मान खाली घालून, खरंच मारलं असल्यासारखे निघाले. अवं माय! हात जाईल ही भीती होती, नोकरी जाईल ही होती, पंधरा बाया शिव्याशाप देतील ही होती. त्या पाठमोऱ्या माणसाला पाहिलं आणि त्या सगळ्या भीत्या एकीकडे राहिल्या.

“थांबा!” मी ओरडले. “त्याइले काहून नेता? ते घरी नव्हते. मीबी घरी नव्हती. मशिनीत गेला हात, कारखान्यात. जाळी उघडी होती.” एकदा तोंड उघडलं आणि मग थांबताच येईना. हार, तार, टाळ्या, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, “माहीच चूक आहे बाई. मीच काढू नाही देल्ला हार.”

डॉक्टरीणबाईनं पेन उघडलं. “चूक कोणाची ते मला लिहायचंच नाही. कुठे लागलं, कशानं लागलं, किती वाजता, आणि तिथे कोण होतं, एवढं सांगा. तुमची चूक असली तरी लागलं तर कामावरच ना?”

इतकी साधी गोष्ट, आणि चाळिशी उलटेपर्यंत मला कोणी सांगितली नव्हती. पहिल्या कागदावर घरी लागलं असं पडलं की पुढचे सगळे कागद तेच म्हणत राहतात. माझं कामगार विम्याचं कार्ड त्या वेळी माझ्याच पिशवीत होतं. काढू नका म्हणून सुपरवायझरनं बजावलं होतं. बाईनं ते काढायला लावलं. कारखान्यात अपघाताची वही असते, तिच्यात नोंद करून घ्या, तिचा फोटो काढा, जी बाजूला उभी होती तिचं नाव लिहा, असं ती टाके घालता घालता सांगत होती. मी हूं हूं करत होते.

नंतर वॉर्डात मी यजमानांवर चिडलेच. “काहून तसं बोलले तुमी? जेलात टाकलं असतं म्हंजे?”

“तू म्हने घरी झालं,” ते म्हणाले. “म्हनून मीबी तेच म्हटलं.”

मी भिंतीकडे तोंड करून रडले.

दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्याजवळचं. पंधराएक दिवसांनी हात गळ्यात बांधून मी नोंद करायला कारखान्यात निघाले. महाल भागातल्या आमच्या घरून निघताना माझा आवाज चढलेला होता, असं विचारीन अन् तसं विचारीन. कळमन्याचा रस्ता लागला. मी ऑटो थांबवायला लावली. चौकशी लागली असेल, बाया माझ्या नावानं बोटं मोडत असतील, जाऊसुद्धा. एवढ्या दिवसांत ती मला बघायला फक्त एकदा आली होती, आणि तेव्हाही मशिनीचा विषय तिनं काढला नव्हता. यजमान म्हणाले, परत फिरू का? मी म्हटलं, नाही, फक्त पाच मिनिटं.

सुपरवायझरनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. दवाखान्याचा कागद पाहिला आणि कपाटातून वही काढली. कोरीकरकरीत वही, एक ओळ लिहिलेली नाही. इतक्या वर्षांत आमच्याकडे एकही अपघात झाला नव्हता म्हणे. मागच्या साली जी बाई तेलानं भाजली ती बहुतेक तिच्याही घरीच भाजली असेल.

त्यांनी लिहिलं, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.

“लिहा,” मी म्हटलं. “पन बटन तारेनं बांधलं होतं, हेबी लिहा.”

“ताई, माही नोकरी जाईन.” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्यासारखाच हा माणूसही भ्यालेला आहे, हे तेव्हा मला दिसलं.

“मीच बांधाले लावलं, हेबी लिहा. मग तर झालं?”

त्यांनी तेही लिहिलं. साक्षीदार म्हणून मी जाऊचं नाव घातलं, तिला न विचारता. अंगठा लावा म्हणाले. मी म्हटलं, मी मॅट्रिक आहे, अंगठा लावत नसते. डाव्या हातानं सही केली. वाकडीतिकडी, शेवटचं अक्षर ओळीच्या खाली गेलं. यजमानांनी मोबाइलवर फोटो काढला.

मशिनीचा आवाज मघापासून येत होता, पण माझं सगळं लक्ष वहीत. आता तो ऐकू आला. जायचं नव्हतं, तरी मी आत गेले.

रुळांवर नवा हार होता. आधीच्यापेक्षा जाड, टवटवीत, पिवळा-केशरी. खाली नारळ, लिंबू, कुंकवाचा सडा. जाळी वर, आणि बटणावर तार. अलीकडे, माझ्या जागेवर, माझी जाऊ उभी राहून पिठाचा गोळा आत सारत होती. तिची बोटं रुळांपासून चार अंगुळं होती.

“जाऊबाई!” ती हसून म्हणाली. “आल्या का? पाहा, शांती केली आमी मशिनीची. मशीन रुसली होती ना, मोठ्ठा हार घातला.”

माझा स्वतःचा हात आत जात होता तेव्हाही मी इतकी भ्याले नव्हते. मी भिंतीपाशी गेले आणि मोठं स्विच पाडलं. मग डाव्या हातानं हार धरला आणि ओढला. नवा दोरा, तुटेना. पुन्हा ओढला.

“माय वं! पूजेचा हार काढत नसतात, जाऊबाई,” जाऊ घाबरून म्हणाली. माझंच वाक्य, माझ्याच सुरात.

हार हातात आला. मशिनीच्या पाया पडायचं भान मला नव्हतं. तार मागून आलेल्या सुपरवायझरनं सोडवली, मी न सांगताच. जाळी खाली बसली. मी तो हार जाऊपुढे केला, आणि देवाचा हार खाली पडू नये म्हणून तिनं दोन्ही हात पुढे करून तो धरला. मी तिची बोटं मोजली. एकदा मोजून खात्री पटेना, म्हणून परत मोजली.