स्वर्गाच्या दारातला रांजण

कानामागची पेन्सिल काढायची, हाताशी असेल त्या फळीवर एक घर काढायचं, घराला उंबरा, उंबऱ्याबाहेर एक रांजण, आणि मग समोरच्याला विचारायचं, "समजलं ना? नाय? थांब, परत सांगतो." आमचे मिस्त्री हे असे. गोरेगावच्या एका स्टुडिओत ते सेट उभारायचे आणि मी स्टोअरमधून त्यांना खिळे-फळ्या द्यायचो. एकोणीसशे पन्नासनंतरचे पौराणिक चित्रपट तुम्ही पाहिले असतील, तर मिस्त्रींचे राजवाडेही पाहिलेच असणार. त्या राजवाड्यांच्या पाठीमागे पेन्सिलीनं काढलेलं ते घर मात्र आम्हीच पाहिलं.

मिस्त्री मरोळचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथलिक. त्यांनी भिंत उभी करायची आणि पेंटरनं ती रंगवायची, अशी दोघांची जोडी. पेंटर नगरकडचा, प्रोटेस्टंट. दोघेही ख्रिस्ती, मग दिवसभर वाद कसला घालता, असं मी एकदा सहज विचारलं आणि फसलो.

"अरे, हा म्हणतो, आम्ही स्वर्ग कमावतो," मिस्त्री रंधा बाजूला ठेवून म्हणाले. "कमावतंय कोण? तारण देवाच्या कृपेनंच. फुकट. पण मिळालेलं जपायला नको? नुसता विश्वास ठेवून हातावर हात ठेवून बसायचं?"

"बसायचं कोण म्हणतंय?" पेंटर ब्रश धूत म्हणाला. "चांगलं वागायचंच. पण तारण झालंय म्हणून वागायचं, व्हावं म्हणून नाही."

मला दोघांचंही पटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं स्टोअरमध्ये जाऊन बसलो.

खरी अडचण मेल्यानंतरची होती. तिथे मिस्त्रींची पेन्सिल बाहेर यायची.

"हे बघ. तू शेतातून आलास, पाय चिखलानं भरलेले. घर आपलंच. आई आत वाट बघतेय. तुला कोणी हाकलत नाय. पण तसाच आत जाशील? तुझी तुलाच लाज वाटेल. म्हणून हा रांजण. पाय धुवायचे, मग आत. त्याला आम्ही शुद्धिस्थान म्हणतो. तिथे उभा असलेला माणूस घरातलाच, परका नाय. समजलं ना?"

"पाय प्रभूनं क्रुसावरच धुतले," पेंटर म्हणायचा. "पुन्हा कशाला धुवायचे?"

"बरं, आणि टाचेवर पाणी कोण ओतणार? मागे राहिलेल्यांची प्रार्थना, ते पाणी."

"म्हणजे आमचं श्राद्धच की!" मी म्हणालो. अखेर काहीतरी कळलं म्हणून मी खूश होतो. तेवढ्यापुरती दोघांची एकी झाली आणि दोघे एकदम ओरडले, "छे छे!" मिस्त्रींनी नवी फळी मागवली आणि पुन्हा पहिल्यापासून घर काढायला घेतलं.

एकदा इंद्रसभेचा सेट लागला होता. संगमरवरी पायऱ्या, पेंटरचे गुलाबी ढग, सगळं झकास. दिग्दर्शक पाहायला आले, तर दाराशी पाण्यानं भरलेला रांजण.

"स्वर्गात हा रांजण कशाला?"

"पाय धुवायला," मिस्त्री म्हणाले.

दिग्दर्शकांनी तो तिथल्या तिथे हलवायला लावला. मिस्त्री दिवसभर घुश्शात होते. पेंटर ढगामागे तोंड लपवून हसत होता. मी कुणाची बाजू घ्यावी हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मिस्त्री एवढं जिवाच्या आकांतानं समजावतात कशाला, हे मला कळायचं नाही. पेंटरला आपल्यात ओढायचं म्हणावं, तर त्याला ते कधी चर्चला चल म्हणाले नाहीत. एका दुपारी डबा खाता खाता त्यांनी आपणहूनच सांगितलं. बायको कधीच गेलेली. मूलबाळ नाही. पुतणे होते ते आफ्रिकेला जाऊन बसलेले.

"मी मेल्यावर माझ्यासाठी मागणार कोण? चर्चमध्ये सगळ्यांसाठी मागतात, त्यात मलाही धरतील. पण ओळखीच्या माणसानं नाव घेऊन मागितलं पाहिजे ना. ओळखीचा म्हणाल तर हा एकच. आणि नेमका हा पडला प्रोटेस्टंट."

"मी करीन की प्रार्थना," मी म्हणालो.

"तू?" ते विचारात पडले. "चालेल की नाय, फादरना विचारायला पाहिजे."

त्यांनी खरंच विचारलं. फादर चालेल म्हणाले होते. मिस्त्रींनी माझे आभारही मानले, पण नजर मात्र शिडीवर चढलेल्या पेंटरकडे होती.

पुढे मिस्त्रींची छाती बिघडली. आम्ही दोघे हॉस्पिटलात गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. आज ते चित्रबित्र काढणार नव्हते, सरळ मागणार होते.

"वर्षातून एकदा. मेलेल्यांच्या सणाला. जास्त नाय रे, नाव घे फक्त."

पेंटरनं त्यांची उशी सारखी केली. मग म्हणाला, "तुला खोटं सांगवत नाही रे मला. तू डोळे मिटशील त्याच क्षणी प्रभूपाशी असशील, असं मी मानतो. मग मागू काय?"

मिस्त्रींचा हात कानामागे गेला. तिथे पेन्सिल नव्हती. "थांब, परत सांगतो," ते म्हणाले, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि ते सांगणं राहून गेलं.

मला पेंटरचा संताप आला होता. मरणाऱ्या माणसाला एक शब्द दिला असता तर काय बिघडलं असतं? रस्त्यात तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत चालला होता, आणि मग कुणावर रागवावं हेही मला कळेना. मिस्त्री गणपतीनंतर गेले. स्टुडिओतल्या सुतारांनी त्यांच्या कबरीसाठी क्रूस केला. त्यावरची अक्षरं पेंटरनं काढली, इतकी सुबक की तशी त्यानं एकाही बोर्डावर काढली नव्हती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅथलिक लोक आपल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. शब्द दिला होता म्हणून मीही मेणबत्ती घेऊन संध्याकाळी मरोळला गेलो. प्रार्थना मराठीत करायची की कशी, हात जोडायचे की नुसतं उभं राहायचं, काहीच ठाऊक नव्हतं. कबरीशी पोचलो तर तिथे आधीच कुणीतरी वाकलेलं होतं.

पेंटर होता. ब्रश धुवायचा त्याचा डबा घासून लख्ख केलेला, आणि त्यातून तो पाणी ओतत होता, अगदी सावकाश.

"पेंटर, तुम्ही? प्रार्थना करताय?"

"छे," तो वर न बघता म्हणाला. "झाडाला पाणी घालतोय."

मी मेणबत्ती पेटवून खाली धरली. पायांकडची माती तेवढी भिजली होती. झाड कुठेच नव्हतं.