भिकुबाईचे बारा फूट

डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांचा एक रिवाज आहे. भारा एकट्याला बांधता येतो, घेऊन चालताही एकट्याला येतं, पण तो डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. म्हणून वाटेत कोणी भाऱ्याशेजारी उभं दिसलं, की येणाऱ्यानं थांबायचं आणि हात लावायचा. ओळख असो नसो, बोलणं असो नसो. शिंदखेडा तालुक्यातल्या भिकुबाईनं पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, सडकेवर खडी वाहिली, लोकांच्या शेतातला कापूस वाहिला. एवढ्या वर्षांत तिनं कोणाला हात लावायला नाही म्हटलं नाही. तिलाही कोणी नाही म्हटलं नाही. एकट्या झुलालनं म्हटलं.

भिकुबाईचं शेत शिवाराच्या टोकाला, झुलालच्या शेतामागे. गावातून तिथं जायला जुनी गाडवाट होती. भिकुबाईच्या सासऱ्याची गाडी तिच्यावरून गेली, नवऱ्याची, रुपचंदची, गेली. एका वर्षी झुलालनं ती वाट नांगरली, दोन्ही तोंडांना काटे लावले आणि शेतात मिळवून टाकली. रुपचंद तक्रार घेऊन फिरला. वाट नकाशावर आहे पण नोंदीत नाही, असं त्याला प्रत्येक टेबलावर सांगितलं. तोवर त्याचा दमा वाढला. गाडी घरामागे उभी राहिली, ऊन खाऊन तिच्या चाकांना चिरा गेल्या, आणि शेतातला माल नाल्यानं वळसा घालून भिकुबाईच्या डोक्यावरून घरी येऊ लागला.

अशीच एकदा ती दादरीचा, रब्बी ज्वारीचा, कडबा घेऊन येत होती. झुलालच्या बांधाच्या कोपऱ्यावर, जिथे सरळ वाट बंद आणि नाल्याकडे वळायचं, तिथे तिचा पाय सरकला आणि भारा खाली आला. झुलाल चार पावलांवर काट्यांच्या कुंपणाला टेकून उभा होता. तिनं हाक मारली, "आबा, हात लाव." तो जागचा हलला नाही. हसतही नव्हता.

"वाटच नही शे, त भारा कसाले बांधस, वहिनी?"

एवढं बोलून तो विहिरीकडे गेला. अंधार पडल्यावर एक मेंढपाळ आला, त्यानं हात लावला. घरी आल्यावर रुपचंदनं विचारलं, उशीर का झाला. तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो कुऱ्हाड घेऊन गेला असता, आणि चार पावलांत त्याला धाप लागली असती. झुलालचं ते बोलणं तिनं गिळलं नाही आणि थुंकलंही नाही. तंबाखूसारखं गालात धरून ठेवलं.

रुपचंद गेला. बैल विकले. मुलगी दिपमाला लग्न होऊन जळगावला, पिंप्राळ्यात राहायला गेली. ती दर महिन्याला फोनवर म्हणायची, शेत दे कोणाला बटाईनं आणि इकडे ये. भिकुबाई म्हणायची, वाट मोकळी झाली की येते. मुलीला वाटायचं आई चेष्टा करते.

मग कायदा बदलला. सरपंच सारिका, वयानं दिपमालाएवढीच, तिनं ग्रामसभेत कागद वाचून दाखवला. गावनकाशावरची प्रत्येक पाणंद आणि गाडवाट आता सरकारी जमीन. तिला नंबर मिळणार, नोंद होणार, मोजणीचा खर्च सरकारचा, दोन्ही बाजूंना हद्दीचे दगड. रुंदी बारा फूट. अडवलं तर पोलीस. लोक टाळ्या वाजवून चहाला गेले. भिकुबाई बसून राहिली. शेवटी तिनं सारिकाकडून तो कागद पुन्हा वाचून घेतला, आणि बारा फूट हे शब्द आले तिथे मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला अर्ज तिचा पडला.

झुलालनं आधी माणसं पाठवली. मग तो स्वतः सारिकाच्या ओसरीवर आला, टोपी मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला, आठ फूट देतो, ट्रॅक्टरला आठ फूट पुरतात, समजुतीनं घ्या. सारिकालाही ते पटलं. तिनं भिकुबाईला समजावलं, की अक्का, एकाच गावात राहायचं आहे, आणि तुझ्याकडे तर बैलही राहिले नाहीत, बारा फूट काय करणार. दिपमालाचाही फोन आला, आई, आठ घे आणि मोकळी हो.

"चार फूट कमी करी दिसू, मी माघार घिसू," भिकुबाई सारिकाला म्हणाली. "पन आधी त्याना चार सबद कमी करी दे."

सारिकाला कळलं नाही. भिकुबाईनं समजावूनही सांगितलं नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी झुलालनं मोटार चालू केली आणि रात्रभर पाणी सोडलं. भुईमुगाला तर सोडलंच, नांगरलेल्या गाडवाटेवरही पाट फोडून दिला. खान्देशातली काळी माती भिजली की माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत धरते आणि चप्पल ठेवून घेते. मोजणीवाले येतील, चिखल पाहतील, परत जातील, आणि पुढची तारीख पावसाळ्यानंतर पडेल, असा त्याचा हिशेब. पण मोजणीवाल्यांकडे आता साखळी नव्हती, यंत्र होतं. त्यांची पोरं बांधावर उभी राहिली, यंत्र रोखलं, आणि चहा थंड व्हायच्या आत खुणा ठरल्या. मंडळ अधिकाऱ्यानं बजावलं, परवा जेसीबी येईल, बारा फुटांत जे असेल ते ढकललं जाईल.

बारा फुटांत झुलालची कडब्याची गंजी होती. बांधाच्या त्याच कोपऱ्यावर, उंचवट्यावर, वर्षभराची वैरण. आठ फुटांत ती वाचली असती. गंजीभोवती आणि तिथून गावापर्यंत मात्र त्यानंच सोडलेलं पाणी. ट्रॅक्टर आत जाईना. मुलगा सुरतेला. आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर पारोळ्याला गेलेलं. गावात राहिली ती म्हातारी माणसं आणि भिकुबाई. तिला वऱ्हाडाच्या गाडीत जागा धरली होती. ती गेली नाही.

ती सकाळीच बांधावर बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. झुलाल आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. त्यानं दोर पसरला, पेंढ्या रचल्या, गाठ मारली. गाठ ढिली होती, हे तिला बसल्या जागेवरून दिसलं. भारा मधोमध बांधला नव्हता, एका अंगाला झुकणार होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा भारा स्वतः उचलत होता. त्यानं तो बांधाच्या उंचीवर लोटत नेला, खाली वाकून डोकं घातलं, आणि थरथरत उभा राहिला. सरळ जायला चिखल. तो नाल्याकडे वळला. भिकुबाईनं आपली ओझ्याखाली डोक्यावर घ्यायची जुनी चुंबळ, रुपचंदच्या धोतराच्या पट्टीची, मांडीवर घेतली आणि सैल झालेली शिवण ओढून घट्ट करत बसली.

तो जायचा, यायचा. ती पाणी प्यायली, तिनं भाकरी खाल्ली. तिला दया आली का, असं पुढे सारिकानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्यानं मागितलं असतं तर मी उठले असते, हात लावायला नाही म्हणायचं मी कुठे शिकले नाही. पण तो मागत नव्हता, आणि न मागणाऱ्याला द्यायचं हेही ती शिकली नव्हती.

ऊन उतरलं तेव्हा शेवटचा भारा राहिला होता. झुलाल कोपऱ्यावरून वळला आणि पाय सरकला. भारा खाली आला, सुटला नाही. तो शेजारी उकिडवा बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "हात लाव."

भिकुबाई उठली. चुंबळ कमरेला खोचली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"लावस. पन त्या दिन तू काय बोलना, ते पहिले बोल."

"कोनता दिन?"

"आठव."

"इसरी गऊ मी. म्हातारा माणूस."

तिला राग त्या दिवशी आला नव्हता इतका आता आला. एवढी वर्षं तिनं जे गालात धरून ठेवलं, ते याच्या तोंडातून सहज गळून गेलं होतं. ती वळली आणि नाल्याच्या वाटेनं चालू लागली. मागे पाहिलं नाही. नाल्याच्या उतारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला. मोठा नव्हता, पण वारा पडलेला होता.

"वाटच नही शे, त भारा कसाले बांधस."

शब्द तेच. तोही काही विसरला नव्हता.

भिकुबाई परत आली. भारा सोडला, पुन्हा मधोमध बांधला, गाठ आवळली, आणि दोन्ही हात घालून त्याच्या डोक्यावर चढवला. पुरा जोर लावला, जसा कोणालाही लावला असता. स्वतःची चुंबळ मात्र दिली नाही. झुलाल डोक्यावर कडबा टोचून घेत नाल्यानं गेला.

त्याला वाटलं, आता ती आठ फुटांना कबूल होईल. त्यानं सारिकाकडे तसा निरोपही पाठवला. निरोप ऐकून भिकुबाई म्हणाली, हात लावला तो रिवाज, बारा फूट हा कायदा, दोन्हीची गल्लत नको.

जेसीबी आला, काटे गेले, बारा फूट उघडे झाले. हद्दीचे दगड ग्रामपंचायतीनं लावायचे होते. भिकुबाईनं सारिकाकडे एकच मागणं केलं, की झुलालच्या कोपऱ्यावरचा दगड इतरांसारखा गुडघ्याएवढा नको, माझ्या छातीएवढा लावा, माथा सपाट ठेवा. खड्डा तिनं स्वतः खणला.

चिखल वाळल्यावर ती त्या वाटेनं पहिला भारा घेऊन निघाली. कोपऱ्यावर आली, भारा डोक्यावरून दगडाच्या माथ्यावर टेकवला आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली. झुलाल कडेलाच होता. भारा उतरवलेला दिसताच तो पुढे आला, दोन्ही हात उचलून.

भिकुबाईनं चुंबळ नीट बसवली, दगडाशेजारी जराशी वाकली, भारा सरकवून डोक्यावर घेतला आणि सरळ वाटेला लागली. झुलालला पुढे आलेले हात तसेच मागे घ्यावे लागले.